अर्भकांतील जलशीर्ष : दोन शस्त्रक्रियांची तुलना आणि तिचे खानदेशातील वाचन

प्रस्तावना

वैद्यकीय चाचणीचा अहवाल हाही अखेर एक संहिताच असतो. काय मोजावे, किती काळ मोजावे आणि कशाला यश म्हणावे, याची निवड लेखकांनी आधीच केलेली असते व वाचकाच्या हाती येते ती त्या निवडीनंतरची मांडणी. म्हणून अशा अहवालाची समीक्षा होऊ शकते; किंबहुना ज्या प्रदेशात तो लिहिला गेला त्याहून वेगळ्या प्रदेशात तो वाचला जातो तेव्हा ती अवश्य व्हावी. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या डिसेंबर २०१७ मधील एका अहवालाचे तसे वाचन प्रस्तुत लेखात केले आहे. टोरांटो येथील बालरुग्णालयातील अभय कुलकर्णी, बोस्टनचे बेंजामिन वॉर्फ, स्टीव्हन शिफ व त्यांचे युगांडातील सहकारी हे त्याचे लेखक. अर्भकांच्या मेंदूत साठलेल्या पाण्यावर नळी बसवावी की दुर्बिणीतून वाट करून द्यावी, हा त्यांचा विषय.

प्रस्तुत लेखक शल्यचिकित्सक नसून पदवी वर्गांना संख्याशास्त्र शिकविणारा अध्यापक आहे. कोणत्या बालकावर कोणती शस्त्रक्रिया करावी, हे सांगण्याचा त्याला अधिकार नाही. परंतु 'दोहोंत फरक आढळला नाही' या वाक्याचा अर्थ काय होतो व काय होत नाही, हा प्रश्न त्याच्या विषयाचा आहे. हेच वाक्य जेव्हा चोपड्याच्या किंवा साक्रीच्या एखाद्या बापाला 'दोन्ही सारखेच, तुम्ही ठरवा' अशा भाषांतरात ऐकविले जाते, तेव्हा तो प्रश्न केवळ वर्गातला राहत नाही.

विकार आणि दोन उपाय

मेंदूच्या आतील पोकळ्यांत एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. प्रौढ माणसात त्याचे प्रमाण दिवसाला सुमारे अर्धा लिटर असते. हा द्रव पोकळ्यांतून वाहत मेंदूच्या पृष्ठभागाशी येतो व तेथे रक्तात शोषला जातो. वाट अडली किंवा शोषण मंदावले की पोकळ्या फुगतात. अर्भकाच्या कवटीची हाडे जुळलेली नसल्यामुळे डोके वाढू लागते, टाळू ताणली जाते, डोळे खाली ओढल्यासारखे दिसू लागतात. आपल्याकडे लोक याला 'डोक्यात पाणी झालं' म्हणतात. मराठी ग्रंथांतून जलशीर्ष ही संज्ञा रूढ आहे. कारणे अनेक आहेत. काही बालके पाठीच्या कण्यातील दोषामुळे पाठीवर गाठ घेऊन जन्मतात. काहींमध्ये मेंदूतील एक अरुंद मार्ग जन्मतःच बंद असतो. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत रक्तस्राव होतो. आणि नवजात काळातील जंतुसंसर्गात किंवा पुढे क्षयाच्या संसर्गात मेंदूची आवरणे सुजून वाट बुजते. जगभरात दरवर्षी सुमारे चार लाख बालकांना हा विकार होतो, असा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात मांडला गेला. त्यातील फार मोठा भाग गरीब देशांतील आहे.

पहिला उपाय म्हणजे शंट. मेंदूच्या पोकळीतून निघालेली सिलिकॉनची बारीक नळी झडपेतून, कातडीखालून, पोटाच्या पोकळीत सोडतात. या झडपेचा इतिहास बापांनी घडविलेला आहे, असे म्हटले तर वावगे ठरू नये. १९५६ साली अमेरिकेतील जॉन होल्टर या यंत्र-कारागिराने आपल्या जलशीर्षग्रस्त मुलासाठी झडप तयार केली. १९६० मध्ये लेखक रोआल्ड डाल यांच्या तान्ह्या मुलाला अपघातानंतर हाच विकार जडला, तेव्हा त्यांनीही एक अभियंता व एक शल्यचिकित्सक यांना सोबत घेऊन नवी झडप घडविली. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील पी. उपाध्याय आणि लखनौचे डी. के. छाब्रा यांनी स्वस्त देशी शंट रचले. त्यांपैकी छाब्रा शंट उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे तयार होतो.

दुसरा उपाय नळीविना आहे. दुर्बिणीतून मेंदूच्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडले जाते व अडलेल्या द्रवाला आडवाट मिळते. ही कल्पनाही नवी नाही. बोस्टनच्या मिक्स्टर यांनी १९२३ सालीच ती एका बालकावर अमलात आणली होती. तथापि एक वर्षाखालील मुलांत नुसते छिद्र पुष्कळदा निकामी ठरते. वॉर्फ यांनी युगांडातील म्बाले येथे त्याला एक जोड दिली : द्रव तयार करणारे रक्तवाहिन्यांचे झालरीसारखे जाळेही त्याच बैठकीत जाळून टाकायचे. २००५ साली त्यांनी ५५० मुलांचा अनुभव प्रसिद्ध केला. एक वर्षाखालील बालकांत नुसत्या छिद्राला ४७ टक्के, तर जोड-शस्त्रक्रियेला ६६ टक्के यश मिळाले. कण्यातील दोष असलेल्या बालकांत हे प्रमाण ३५ वरून ७६ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी त्यांनी सुमारे ३५ डॉलरचा छाब्रा शंट व सुमारे ६५० डॉलरचा अमेरिकी शंट यांची १९५ मुलांत तुलना केली. एका वर्षाअंती दोहोंत लक्षणीय फरक दिसला नाही. शाहजहानपूरच्या मालाची ही परीक्षा पूर्व आफ्रिकेत व्हावी आणि तिची वार्ता आपल्या वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारशी पोहोचू नये, हे जरा नवलाचेच.

अहवालाचा खरा प्रश्न

२०१७ च्या चाचणीत सहा महिन्यांखालील १०० अर्भके होती व सर्वांना संसर्गानंतरचे जलशीर्ष झालेले होते. यादृच्छिक पद्धतीने ५१ अर्भकांवर दुर्बिणीची जोड-शस्त्रक्रिया झाली व ४९ अर्भकांना शंट बसविला गेला. बारा महिन्यांनी बेली मापनश्रेणीवर बौद्धिक विकासाचे गुण काढले. दुर्बीणगटाचा मध्यक ४, शंटगटाचा २. अंदाजित फरक शून्य, त्याची ९५ टक्के विश्वासाची मर्यादा उणे २ ते शून्य, पी-मूल्य ०.३५. उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण दुर्बीणगटात ३५ टक्के व शंटगटात २४ टक्के. मेंदूच्या आकारमानातही लक्षणीय फरक नाही. (मध्यक ४ व २ असताना फरक शून्य कसा, हे कोडे पदव्युत्तर वर्गाला अवश्य घालावे. येथे फरक म्हणजे मध्यकांची वजाबाकी नसून दोन गटांतील प्रत्येक जोडीच्या फरकांचा मध्यक आहे; एकसारखे गुण पुष्कळ असले की तो शून्यावर येऊ शकतो.)

हा अहवाल सर्वसाधारणपणे दोन शस्त्रक्रियांमधील सामना म्हणून वाचला जातो आणि सामना बरोबरीत सुटला असे सांगितले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वाचन चुकीच्या प्रश्नाला जोडलेले आहे. शंट द्रवाचा निचरा अधिक करतो व पोकळ्या अधिक आटवतो. दुर्बिणीनंतर त्या बऱ्याच अंशी मोठ्याच राहतात. मग नळी टाळण्याची किंमत मेंदूच्या वाढीला द्यावी लागते काय, ही शंका होती आणि चाचणी तिच्यासाठी रचलेली होती. म्हणूनच मुख्य मोजमाप बुद्धीचे ठेवले गेले. शंका सिद्ध झाली नाही, एवढेच अहवाल सांगतो. कोणती शस्त्रक्रिया अधिक टिकते, हा त्याचा मुख्य प्रश्न नव्हता. आणि त्या दुय्यम प्रश्नाला शंभर बालकांचा नमुना पुरणाराही नव्हता.

अपयशाचेच आकडे पाहा. शंटगटातील अपयशाचा वेग दुसऱ्या गटाच्या ०.७ पट आला. विश्वासाची मर्यादा ०.३ ते १.५. म्हणजे शंटमधील अपयश दुर्बिणीच्या तिपटीने कमी असू शकेल किंवा दीडपटीने जास्तही असू शकेल. या माहितीवरून दोन्ही शक्यता नाकारता येत नाहीत. इतक्या रुंद मर्यादेला 'समान' म्हणणे संख्याशास्त्राला मान्य नाही. फरक सिद्ध न होणे आणि समानता सिद्ध होणे या भिन्न गोष्टी आहेत, हे आपण दुसऱ्या वर्षाला शिकवितो आणि वृत्तपत्र उघडले की विसरतो. संशोधकांनी निष्कर्षातच हा एकाच केंद्रातील अभ्यास असल्याचे नमूद केले आहे. दोष त्यांच्याकडे जात नाही.

त्याहून गंभीर बाब वेगळी आहे. बेली श्रेणीवर सर्वसाधारण मुलांची सरासरी १० व प्रमाण विचलन ३ असते. म्हणजे ४ आणि २ हे दोन्ही गुण पट्टीच्या तळाशी आहेत. त्या गटातील मध्यावरचे बालक, त्याला नळी बसली काय किंवा दुर्बीण लागली काय, तीव्र बौद्धिक मंदतेच्या कड्यावरच उभे होते. २०२१ साली याच बालकांचे दोन वर्षांचे निष्कर्ष आले. मेंदूची वाढ दोन्ही गटांत अपेक्षेहून कमीच राहिली होती. संसर्गाने व शस्त्रक्रियेपूर्वी गेलेल्या काळाने जे नुकसान करायचे ते आधीच केलेले होते. दोन उपायांतील फरक शोधणाऱ्या तक्त्यात ही गोष्ट दोन्ही स्तंभांत सारखीच असल्यामुळे फरकाच्या रकान्यात दिसतच नाही. तुलनात्मक पद्धतीची ही जात्याच असलेली मर्यादा होय. दोहोंना समान असलेले दुःख ती वजा करून टाकते.

बारा महिन्यांची खिडकी

चाचणीची मुदत बारा महिने ठेवण्यात व्यवहार होता. परंतु ती मुदत दोन्ही शस्त्रक्रियांना सारखा न्याय देत नाही. दुर्बिणीची शस्त्रक्रिया फसायची असेल तर बहुधा पहिल्या सहा महिन्यांत फसते; त्यानंतरचे अपयश तुलनेने विरळ असते. शंटचे तसे नाही. नळी कधीही तुंबू शकते, तुटू शकते, मूल वाढले की आखूड पडू शकते, तिला जंतुसंसर्ग होऊ शकतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ३४४ मुलांत तीन प्रकारच्या झडपांची तुलना केली गेली (तीही बरोबरीतच सुटली). तेथे एका वर्षाअंती ६१ टक्के आणि दोन वर्षांअंती ४७ टक्केच शंट विनातक्रार चालू होते. आणि ती केंद्रे पाश्चात्त्य देशांतील सुसज्ज केंद्रे होती. सारांश, एका वर्षावर रेघ ओढली की दुर्बिणीचे जवळजवळ सारे अपयश हिशेबात येते आणि शंटचे बरेचसे रेघेपलीकडे राहते.

याउलट बाजूही सांगितली पाहिजे. शंटही जागेवर थांबलेला नाही. ब्रिटन व आयर्लंडमधील १,६०५ रुग्णांच्या २०१९ च्या चाचणीत प्रतिजैविक मुरविलेल्या नळ्यांत संसर्गाचे प्रमाण २ टक्के आढळले. साध्या व चांदीयुक्त नळ्यांत ते ६ टक्के होते. शिवाय मार्ग जन्मतः अरुंद असलेल्या अर्भकांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्रारंभीच्या काळात शंटच अधिक टिकला. तेथेही पाच वर्षांनी मुलांच्या आरोग्यस्थितीत लक्षणीय अंतर उरले नव्हते. दुर्बीण आधुनिक म्हणून श्रेष्ठ, असे समजण्याचे कारण नाही.

खानदेशातून पाहताना

जळगाव ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटर आहे. धुळे मुंबई-आग्रा महामार्गावर असले तरी लोहमार्गाने ते चाळीसगावच्या फाट्यावर लटकलेले आहे. नंदुरबार १९९८ साली धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला. तेथील रुग्ण ताप्ती मार्गाने सुरतेकडे वळतो. धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, दोन्ही शहरांत खासगी रुग्णालयेही वाढली. शंट ही मेंदूशल्यचिकित्सेतील सर्वपरिचित शस्त्रक्रिया आहे व ती जिल्ह्याच्या वा विभागाच्या शहरात होऊ शकते. अर्भकांवरील दुर्बीण-शस्त्रक्रियेचे तसे नाही. तिला लहान मुलांसाठीची उपकरणे, सराव व पुरेशी रुग्णसंख्या लागते. ती परळच्या वाडिया बालरुग्णालयासारख्या केंद्रांत एकवटलेली असते. महाराष्ट्रात या तंत्राचा पाया घालणाऱ्यांत मुंबईचे चंद्रशेखर देवपुजारी यांचे नाव आदराने घेतले जाते.

म्हणजे आपल्याकडील निवड अशी उभी राहते : घराजवळ होणारी परंतु आयुष्यभर सांभाळावी लागणारी शस्त्रक्रिया, की दूर जाऊन करावयाची, पहिले सहा महिने धाकधूक ठेवणारी व साधली तर नळीविना मोकळे करणारी शस्त्रक्रिया? अहवालातील 'अपयश' या एका शब्दात हे दोन्ही प्रकार कोंबलेले आहेत. म्बालेच्या तक्त्यात प्रत्येक अपयशाचे वजन एक. पण शंट बंद पडला म्हणजे वांत्या, गुंगी, चिडचिड. ही लक्षणे प्रथम पाहणाऱ्याला साध्या तापाची किंवा पोटाच्या बिघाडाची वाटू शकतात. नळीविषयी कोणी विचारले नाही, तर जे दोन दिवस हाती असतात ते सलाइन लावण्यात जातात. सातपुड्यातील कुटुंब त्या वेळी गुजरातेत ऊसतोडीवर असेल, तर बाळाला नळी बसविली आहे हे सांगणारा कागद गावच्या घरी, आढ्याला खोचलेल्या पिशवीत. असे अपयश आणि रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरावर घडलेले अपयश यांना एकच अंक देणे गणिताला सोयीचे असले, तरी तुलना म्हणून ते लटके आहे.

खर्चाचा मुद्दा पूर्वीइतका सरळ राहिलेला नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होते. २०१३ च्या अखेरीस ती राज्यभर गेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. मूळ योजनेत ९७१ उपचार व १२१ पाठपुरावा सेवा होत्या. शस्त्रक्रियेचे पैसे हा त्यामुळे बऱ्याच कुटुंबांपुढील पहिला अडसर उरला नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला बुडणारी मजुरी, घरी सोडलेली इतर मुले, मुंबईत रात्र काढण्याची जागा, हे मात्र कोणत्याही पॅकेजच्या भाषेत बसत नाही. आणि शंट असलेल्या बालकाच्या घरात नेमके तेच पुनःपुन्हा येत राहते.

मग दुर्बीणच बरी म्हणावी काय? तसेही सरसकट म्हणता येत नाही. याच कुलकर्णींनी २००९ साली दुर्बिणीच्या यशाचा अंदाज बांधणारी एक साधी गुणपद्धती मांडली. तीत वय, कारण व पूर्वीचा शंट या तीनच गोष्टींना गुण आहेत. बेरीज म्हणजे साध्या छिद्राच्या सहा महिन्यांतील यशाची ढोबळ टक्केवारी. एक महिन्याखालील बालक, कारण जंतुसंसर्ग, पूर्वी शंट नाही : शून्य अधिक शून्य अधिक दहा, एकूण दहा. सात महिन्यांचे बालक, मार्ग जन्मतः अरुंद, पूर्वी शंट नाही : तीस, तीस आणि दहा, एकूण सत्तर. जाळे जाळण्याची जोड पहिल्याची स्थिती काहीशी सुधारील. पण दोघांना मुंबईच्या प्रवासाविषयी एकच सल्ला देणे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नाही. २०१७ च्या अहवालात फक्त संसर्गाची बालके होती. पाठीवर गाठ घेऊन जन्मलेल्या बालकाला त्याचा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे हा तर सरळ तर्कदोष आहे. वॉर्फ यांच्याच आधीच्या आकड्यांनुसार या गटात जोड-शस्त्रक्रियेचे पारडे जड आहे. प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, आपल्याकडे 'शंट की दुर्बीण' हा प्रश्न कारण व वय यांची फोड केल्याशिवाय विचारूच नये. संसर्गाच्या अगदी तान्ह्या बालकात जवळचा शंट व कडक पाठपुरावा यांची बाजू बळकट दिसते. कण्यातील दोष असलेल्या व अरुंद मार्गाच्या थोड्या मोठ्या बालकांत मुंबईची एक खेप सार्थकी लागण्याचा संभव बराच आहे. अंतिम निर्णय अर्थातच शल्यचिकित्सकाचा. पण कुटुंबाने हा प्रश्न विचारला तर तो अडाणीपणा समजला जाऊ नये.

तक्त्याबाहेरची गोष्ट

दोन्ही स्तंभांत समान असलेल्या, म्हणून वजा होऊन गेलेल्या नुकसानाकडे वळले की महाराष्ट्राजवळ स्वतःचे संचित आहे. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बालकांच्या जंतुसंसर्गावर घरीच उपचार केले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरल्याचे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखविले. आशा कार्यकर्तीच्या घरभेटींचा २०११ पासूनचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच अनुभवावर उभा आहे. त्या अभ्यासात मोजले गेले ते मृत्यू. परंतु वेळेवर आवरलेला संसर्ग काही बालकांच्या डोक्यात पाणी होणेही टाळत असला पाहिजे, असे अनुमान करण्यास जागा आहे. फोलिक आम्लाच्या बाबतीत तर अनुमानाचीही गरज नाही : ज्या मातांना पूर्वी कण्यातील दोषाचे मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेआधीपासून ते दिल्यास पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते, हे ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने १९९१ सालीच सिद्ध केले. गोळी गर्भ राहिल्याचे कळल्यावर सुरू केली तर बहुधा उशीर झालेला असतो, कारण कण्याची नळी चौथ्या आठवड्यातच मिटते.

उरतो तो निदानास लागणारा काळ. पूर्ण दिवसांच्या बालकाचे डोके जन्मतः सुमारे ३५ सेंटिमीटर असते. पहिले तीन महिने ते महिन्याला साधारण दोन, पुढील तीन महिने एक व त्यानंतर अर्धा सेंटिमीटर वाढते. हा वेग सोडून धावणारे डोके ओळखण्यास शिंप्याची फीत पुरते. अंगणवाडीत वजन नेमाने घेतले जाते. फेब्रुवारी २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात कण्यातील दोषांची तपासणी समाविष्ट आहे. डोक्याचा घेर मात्र त्याच वहीत, वजनाशेजारच्या रकान्यात, दर महिन्याला लिहिला गेला पाहिजे. खानदेशातील वैद्यकीय व इतर महाविद्यालयांनी मिळून या विषयाचा अभ्यास हाती घेतल्यास त्याची रचना म्बालेहून निराळी असावी लागेल. बालकाचे गाव, विकाराचे कारण, डोके वाढत असल्याचे प्रथम लक्षात आल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत गेलेले दिवस. आणि शंट बसविला असल्यास, पुढे पाच वर्षे, पहिल्या उलटीपासून नळी तपासणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोहोचण्यास लागलेले तास, हे तिचे रकाने असतील.